आजीच्या कॅसेटमधली गुणगुण : डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग पहिल्यापासून समजावून सांगाल का?

अमळनेरची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी माळा आवरताना एक साठ मिनिटांची कॅसेट सापडली. वर मामाच्या अक्षरात "माय, जात्यावर, 1994" एवढंच. माझ्या आजीच्या ओव्या आहेत, पारोळ्याकडच्या खेड्यात मधल्या घरात दळता दळता म्हटलेल्या. पुढे कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणीही आहेत. शेजारच्या काकांकडे जुना टेप आहे, त्यावर लावून मोबाईल समोर धरला आणि रेकॉर्ड करून घेतलं.

अडचणी दोन. सगळ्या कॅसेटभर मागे "हूंऽऽ" अशी गुणगुण चालू आहे. आणि आईने दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "हाऊ मायना आवाज नही." आजीचा आवाज जाड होता म्हणते, हा बारीक येतोय. मी आजीला पाहिलं तेव्हा लहान होते, त्यामुळे मला ठरवता येत नाही. पण ओव्या आजीच्याच आहेत, मध्ये आईला नावाने हाक मारल्याचं स्पष्ट ऐकू येतं.

भाचा म्हणतो, "मावशी, डीएसपी करून टाक, सगळं निघून जातं." मी कॉमर्सची. पण नुसतं बटण दाबून आजीच्या आवाजातलं काय निघून गेलं ते मला कळणारच नसेल, तर ते बटण मला नको. आत काय होतं ते कुणी समजेल अशा मराठीत सांगेल का?

जिभाऊ_पारोळा

ताई, ती कॅसेट जपी ठेवा. जात्यावरना गाना म्हननारी बाया आते ऱ्हायन्यात कोठे?

मेहरूणचा_मास्तर

ताई, तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवला, आणि कॅसेट घेऊन आलेलं कुणी पहिल्यांदाच भेटतंय. सावकाश सांगतो.

हवेतला आवाज म्हणजे हवेच्या दाबाची सलग चढउतार. कॅसेटच्या फितीवर तीच चढउतार चुंबकाच्या कमीजास्तपणात उमटलेली असते, तीही सलगच. संगणकाला सलग काही ठेवता येत नाही, तो आकडे ठेवतो. म्हणून ठरावीक वेळाने त्या चढउतारीची उंची मोजायची आणि आकडा लिहून घ्यायचा. याला सॅम्पलिंग म्हणतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक नमुना. सीडीसाठी सेकंदाला 44,100 नमुने घेतात, जुन्या डिजिटल टेलिफोनसाठी 8,000. आवाज आकड्यांत आला की त्या आकड्यांची बेरीज-गुणाकार करून हवं ते वेगळं काढायचं, नको ते कमी करायचं. ही झाली प्रोसेसिंग. सगळा विषय या तीन पायऱ्यांवर उभा आहे: मोजणं, आकडेमोड, आणि आकड्यांपासून परत आवाज.

नमुने किती घ्यायचे याला नियम आहे. आवाजात जी सगळ्यात वेगवान कंपनं असतील त्यांच्या दुपटीपेक्षा जास्त. 1928 मध्ये हॅरी नायक्विस्टने या विचाराचा पाया घातला आणि 1949 मध्ये क्लॉड शॅननने तो नीट सिद्ध करून मांडला. माणसाला जास्तीत जास्त 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, ऐकू येतं, म्हणून सीडीला 40,000 च्या थोडं वर. नियम पाळला तर दोन नमुन्यांच्या मधलं काहीही हरवत नाही, सलग आवाज जसाच्या तसा परत उभा करता येतो. हे ऐकून माझी दरवर्षीची मुलं चकित व्हायची, आणि खरं सांगतो, मला अजूनही ते आश्चर्यच वाटतं.

धुळे_थर्ड_इयर

सर, आणि नियम मोडला तर एलियासिंग. म्हणजे वेगवान कंपन हळू कंपनाचं सोंग घेऊन येतं. आम्हाला 5,000 हर्ट्झचा सूर 8,000 ने सॅम्पल करून दाखवला होता, तो 3,000 हर्ट्झचा होऊन ऐकू आला.

मेहरूणचा_मास्तर

बरोबर. आणि एकदा ते सोंग आकड्यांत शिरलं की खरा 3,000 कोणता आणि सोंगाचा कोणता हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. म्हणून नमुने घेण्याच्या आधीच वरची कंपनं अडवणारा फिल्टर बसवावा लागतो.

ताई, घरी बघायचं असेल तर छताच्या पंख्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 360 फेरे घेत असेल तर सेकंदाला सहा फेरे, म्हणजे एकाच जागेवरून सेकंदाला 18 पाती जातात. मोबाईल सेकंदाला 30 चित्रं घेतो, त्याला 15 पर्यंतच झेपतं. 18 त्याच्या वर गेलं, म्हणून पंखा उलटा फिरताना दिसतो.

जिभाऊ_पारोळा

मना घरना पंखा बी मोबाईलमा उलटाच फिरस! माले वाटे मोबाईल बिघडना. आते समजनं.

केळीबाग_रावेर

मास्तर, थांबा थांबा. हे माझ्या बागेत चाललंय असं वाटतंय.

ठिबकसाठी ओल मोजणारा सेन्सर लावलाय. पुतण्याने बोर्ड बनवून दिला, सेकंदाला एक रीडिंग येतं. रात्री मोटर बंद, पाणी बंद, तरी मोबाईलवरची ओलीची रेघ लाटेसारखी हळूहळू वर-खाली होते. मी घड्याळ लावून पाहिलं, साधारण दर 20 सेकंदाला एक लाट. केळीच्या मुळाशी 20 सेकंदांत ओल वाढून परत कमी होईल का? दुकानदार म्हणाला सेन्सर खराब. नवा लावला, तरी तेच.

दीपनगर_निवृत्त

भाऊ, सेन्सर चांगला आहे. ती लाट विजेची आहे.

सेन्सरची तार घराच्या लाइनजवळून आली असणार. तारेत 50 हर्ट्झची वीज थोडी शिरते. आता हिशोब बघा. ग्रीड, म्हणजे सगळीकडची एकत्र जोडलेली वीजव्यवस्था, काही अगदी 50 वर चिकटून नसतं, समजा त्या वेळी 49.95 आहे. तुम्ही सेकंदाला एकच नमुना घेता. दोन नमुन्यांच्या मध्ये विजेची 49.95 आवर्तनं होतात, म्हणजे दर वेळी 0.05 आवर्तन मागे राहतं. वीस सेकंदांत एक पूर्ण आवर्तन मागे पडलं. तीच तुमची 20 सेकंदांची लाट. वारंवारता 49.9 झाली तर लाट 10 सेकंदांची होईल. निरनिराळ्या वेळी मोजून पाहा, लाट लांब-आखूड होते का.

केळीबाग_रावेर

दादा, होते! पहाटे वेगळी, संध्याकाळी वेगळी. मी दोन सेन्सरचे पैसे घातले याच्यापायी. आता उपाय सांगा.

मेहरूणचा_मास्तर

दोन उपाय, दोन्ही स्वस्त. सेन्सरच्या तारेवर बोर्डाच्या तोंडाशी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावायचा, तो वेगवान चढउतार आधीच गिळतो. किंवा पुतण्याला सांगा, सेकंदाला एकच रीडिंग न घेता एक मिलिसेकंदाच्या अंतराने 20 रीडिंगं घ्यायची आणि त्यांची सरासरी ठेवायची. वीस मिलिसेकंद म्हणजे 50 हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन, जेवढं वर तेवढंच खाली, सरासरीत ते शून्य होतं. यालाच मूव्हिंग अॅव्हरेजच्या जातीचा फिल्टर म्हणतात.

मोटर सुरू होताना एखादं रीडिंग एकदम उडत असेल तर मात्र सरासरी वापरू नका. समजा 31, 32, 31, 87, 32 आलं. सरासरी 42.6, म्हणजे एका खोट्या आकड्याने पाचही खराब केले. त्याऐवजी चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, 32. त्याला मीडियन फिल्टर म्हणतात.

धुळे_थर्ड_इयर

मग ताईंच्या कॅसेटलाही हेच करता येईल ना सर? तिथली गुणगुणही विजेचीच असणार, 50 ची आणि तिच्या पटींची. 44,100 च्या रेकॉर्डिंगमध्ये 20 मिलिसेकंद म्हणजे 882 नमुने. 882 ची मूव्हिंग अॅव्हरेज लावली की 50, 100, 150 सगळं जाईल.

मेहरूणचा_मास्तर

जाईल, आणि सोबत आजीही जातील. सरासरी हा फिल्टर सगळ्याच वेगवान गोष्टी दाबतो. ओल तासातासाने बदलते, तिला काही होत नाही. माणसाचा आवाज मात्र शेकडो-हजारो हर्ट्झमध्ये असतो. 882 नमुन्यांची सरासरी काढलीत तर शब्द ओळखू येणार नाहीत, तोंडावर गोधडी धरून बोलल्यासारखं होईल. पुढचं शिकवलं जाईपर्यंत एवढं लक्षात ठेव बाळा: फिल्टर निवडताना काय काढायचं याच्याआधी काय ठेवायचं ते लिहून काढ.

साउंडवाला_नंदुरबार

ताई, मी वीस वर्षं मांडवात साउंड लावतोय. थिअरी नंतर वाचा, आधी रेकॉर्डिंग परत करा. मोबाईल टेपसमोर धरून केलेलं चालणार नाही. खोलीचा घुमारा येतो, आणि आवाज मोठा झाला की मोबाईल लाटेचा शेंडा कापतो. कापलेला शेंडा परत उगवत नाही.

टेपला हेडफोनचं भोक असेल, तिथून केबलने लॅपटॉपच्या साउंड कार्डात घ्या. त्याआधी टेपचं हेड कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. निघालेला तपकिरी मळ बघून तुम्हीच चकित व्हाल. मग हेडजवळचा छोटा स्क्रू असतो, तो अगदी केसभर फिरवून आवाज सगळ्यात लख्ख कुठे येतो ते बघा. त्याला अॅझिमथ म्हणतात. हे चुकलं तर स, श, च हे सगळे बोथट होतात आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवलं तरी नीट होत नाहीत. स्वतः जमणार नसेल तर जवळच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही वर 10-12 डेसिबल जागा शिल्लक राहील.

पुण्यात_खान्देशी

केबलचं पटलं. पण 44,100 आणि 16 बिट नको, 96,000 आणि 24 बिट घ्या. एकदाच करायचं काम आहे. डिस्क आता स्वस्त आहेत.

साउंडवाला_नंदुरबार

भाऊ, घरगुती कॅसेटवर पंधरा हजार हर्ट्झच्या वर ऐकण्यासारखं असतं काय? 96,000 घेऊन फितीची खरखर तेवढी जास्त बारकाईने साठवाल.

पुण्यात_खान्देशी

जुने ध्वनिमुद्रण जपणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना निदान 48,000 आणि 24 बिट धरायला सांगते, 96,000 ची शिफारस करते. फितीची खरखरही कधीतरी कामी येते.

मेहरूणचा_मास्तर

दोघांचं ऐकून 48,000 आणि 24 बिट घ्या ताई, जागा किती लागेल ते सांगतो. एका नमुन्याला 3 बाइट. 48,000 गुणिले 3 गुणिले 60, म्हणजे मिनिटाला 8.64 एमबी, सबंध कॅसेटला सुमारे 518 एमबी. पेन ड्राइव्हमध्ये सहज मावतं.

बिट म्हणजे काय तेही सांगून टाकतो. नमुन्याची उंची मोजायची पट्टी किती बारीक, ते बिट ठरवतात. वाण्याच्या तागडीत एक किलोच्या खाली वजनच नसेल तर पावशेर मिरच्या तो काय मोजणार? एक किलो लिहील किंवा शून्य. 8 बिटांच्या पट्टीवर 256 खुणा, 16 बिटांच्या पट्टीवर 65,536. प्रत्येक बिटामागे मोजमापाची चूक सुमारे 6 डेसिबलने खाली जाते, म्हणजे 16 बिटांना साधारण 96 डेसिबल. फितीची स्वतःची खरखर याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे ऐकायला 16 पुरेत. 24 चा फायदा असा की लेव्हल कमी ठेवली तरी बारीक आवाजाला खुणा कमी पडत नाहीत. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. एमपीथ्री करून किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नका, त्यात कानाला ऐकू येणार नाही असं समजून बराच भाग टाकून दिलेला असतो.

चाळीसगावकर

विषय थोडा बाजूला नेतो, पण आपल्याच मातीतला आहे. आकड्यांच्या तक्त्यावरून चिप सूर कसा बनवते ते सर सांगतील म्हणून वाट बघत होतो.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथल्या शिलालेखाची चौकशी जरूर करा. सन 1207 चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. सिद्धांतशिरोमणी 1150 चा, त्यात ज्योत्पत्ती म्हणून प्रकरण आहे. ज्या म्हणजे आजची साइन. परंपरेत चोवीस ज्यांचा तक्ता असायचा, दर 225 कलांना एक, म्हणजे दर पावणेचार अंशांना एक. त्रिज्या 3438 धरलेली. मधल्या कोनाची ज्या हवी असेल तर शेजारच्या दोन किमतींवरून काढायची रीत दिलेली. आज एखाद्या चिपला सूर काढायचा असतो तेव्हा ती साइनच्या किमतींचा असाच तक्ता ठेवते, ठरावीक गतीने त्यातून एकेक आकडा उचलते, मधला हवा तर शेजारच्यांवरून काढते. पावणेचार अंशांनी पूर्ण वर्तुळाचे 96 नमुने झाले. चाळीसगावच्या डोंगरात हे शिकवलं जात होतं याचा मला फार अभिमान आहे.

पुण्यात_खान्देशी

अभिमान मलाही आहे. पण भास्कराचार्यांनी सॅम्पलिंग शोधलं असं पुढे कुणी पाठवू नये म्हणून लिहितो. किती नमुने पुरतात आणि का, हा नियम विसाव्या शतकातला आहे.

चाळीसगावकर

मान्य. तक्ता आणि मधली किंमत काढण्याची रीत, एवढंच माझं म्हणणं आहे. तेवढंही मोठं आहे.

अमळनेरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हेड पुसलं, कापूस खरोखर तपकिरी झाला! स्क्रू दुरुस्तीवाल्या आप्पांनी फिरवून दिला. केबलने 48,000, 24 बिटवर पहिली बाजू घेतली. आधीच्यापेक्षा किती स्वच्छ आलीय सांगू. जात्याचा खुंटा फिरताना कुरकुरतो तेसुद्धा ऐकू येतं. गुणगुण मात्र तशीच आहे आणि आवाजही बारीकच आहे. आता ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 50 हर्ट्झ काढून टाकू का?

मेहरूणचा_मास्तर

थांबा. आधी ती गुणगुण खरंच 50 वर आहे का ते बघा.

1822 मध्ये फूरियर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं की कितीही वेडीवाकडी लाट असली तरी ती साध्या साइन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. कोणती साधी लाट किती, हे आकड्यांवरून काढण्याची झटपट रीत म्हणजे एफएफटी. 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी ती प्रसिद्ध केली, पण 1805 च्या सुमारास गाऊसच्या कागदांत तीच युक्ती होती असं नंतर लक्षात आलं. सरळ रीतीने 1,024 नमुन्यांना दहा लाखांच्या वर गुणाकार लागतात. एफएफटीला दहा हजारांच्या घरात. मोबाईलमध्ये हे सगळं चालतं ते या युक्तीच्या जोरावर.

ताई, आजी गात नाहीत असा तुकडा निवडा आणि ऑडॅसिटीत स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणती वारंवारता किती आहे त्याचा, आलेख काढा. गुणगुणीचं टोक कुठे येतं ते कळवा.

अमळनेरची_लेक

47 च्या आसपास एक जाडा उंचवटा दिसतोय.

धुळे_थर्ड_इयर

ताई, साइज, म्हणजे एका वेळी हिशोबात घ्यायचे नमुने, 1,024 ठेवलाय का? 48,000 भागिले 1,024 केलं तर आलेखाचं एकेक घर 46.9 हर्ट्झचं पडतं. 40 असो की 60, सगळं त्याच घरात जमा होतं. साइज 65,536 करा, मग घरं पाऊण हर्ट्झपेक्षा लहान होतील. त्यासाठी सलग दीड सेकंदाचा तरी तुकडा लागेल.

अमळनेरची_लेक

केलं. आता टोक एकदम बारीक झालं. 51.4! खाली 102.8 आणि 154 च्या जवळही आहेत. तीन-चार ठिकाणी पाहिलं, सगळीकडे जवळपास हेच.

साउंडवाला_नंदुरबार

आईचं बरोबर आहे ताई! टेप फास्ट चालतोय. गुणगुण 50 ची असायला हवी ती 51.4 झाली, म्हणजे सगळंच 2.8 टक्के वर गेलं, आजीचा सूरही. म्हणून आवाज बारीक. स्पीड 2.8 टक्क्यांनी कमी करा, झालं काम.

मेहरूणचा_मास्तर

शाब्बास. म्हणूनच थांबा म्हटलं. गुणगुण आधी पुसली असती तर ही खूण गेली असती.

दीपनगर_निवृत्त

मी थोडा आडवा येतो, माफ करा. 1994 मध्ये ग्रीड 50 वर होतं हे कशावरून? मी त्या काळात कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या केल्या आहेत. मागणी जास्त आणि वीज कमी, संध्याकाळी काटा 49 च्या खाली गेलेला मी कित्येकदा पाहिलाय. पावसाळ्यात रात्री मागणी पडली की 50 च्या वर चढायचा. 2002-03 मध्ये वारंवारतेवर पैसे लावणारी नवी दरपद्धत आली, त्यानंतर सुधारणा झाली. तुमची गुणगुण मूळची 49 ची असेल तर टेप 2.8 नाही, जवळजवळ 5 टक्के फास्ट आहे. एवढ्या फरकाने आवाज बदलतो.

साउंडवाला_नंदुरबार

काका, मग दुसरी खूण कोणती धरायची? जात्याला काही ठरलेला वेग नसतो.

अमळनेरची_लेक

काकांचं वाचल्यावर आईला विचारलं, त्या वेळी घरात अजून काय काय होतं. ती म्हणाली, मधल्या घरात देव्हाऱ्यावर घड्याळ होतं, सेलवर चालणारं, मामाने आणलेलं, त्याच्या टिकटिकीने आजीला दुपारी झोप यायची नाही. हेडफोन लावून परत ऐकलं. आजी सुपातलं धान्य घ्यायला थांबते तिथे टिक टिक ऐकू येते!

मेहरूणचा_मास्तर

ताई, मी खुर्चीतून उठलो हे वाचून. सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, त्या एका ठोक्यावर काटा सरकतो. महिन्याला काही सेकंद इकडे तिकडे, त्यापेक्षा जास्त चूक नाही. ग्रीडपेक्षा फार भरवशाची खूण आहे ही.

असं करा. दोन टिका शोधा, मध्ये जितकं जास्त अंतर तितकं चांगलं. मधल्या टिका गाण्याखाली दबल्या असतील तरी मोजता येतात, कारण अंतर ठरलेलं आहे. दोन टिकांमधले नमुने मोजा.

अमळनेरची_लेक

दोन तास लागले. एका थांब्यातली टिक आणि पुढच्या थांब्यातली टिक यांच्यात 100 ठोक्यांचं अंतर बसतं. ऑडॅसिटी 46,17,600 नमुने दाखवतेय. म्हणजे 96.2 सेकंद. 100 हवे होते.

धुळे_थर्ड_इयर

एका ठोक्याला 48,000 ऐवजी 46,176 नमुने. गुणोत्तर 0.962. टेप सुमारे 4 टक्के फास्ट. आणि 51.4 गुणिले 0.962 म्हणजे 49.45. काका, तुमचंच खरं! त्या दुपारी ग्रीड 49.45 वर होतं.

दीपनगर_निवृत्त

दुपार असेल तर पटतं. तीस वर्षांपूर्वीचा आमच्या काट्याचा आकडा एका जात्यावरच्या गाण्यात सापडेल असं कधी वाटलं नव्हतं. आज घरी सगळ्यांना सांगितलं.

मेहरूणचा_मास्तर

ताई, आता क्रमाने. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. स्पीड बदलण्याचा इफेक्ट घ्या, सूर आणि वेग दोन्ही सोबत बदलणारा, आणि 0.962 टाका. सॉफ्टवेअर आत जे करतं ते भास्कराचार्यांच्या मधल्या किमतीसारखंच, जुन्या नमुन्यांच्या मध्ये नवे नमुने काढतं, फक्त दोन शेजारी न घेता बरेच शेजारी घेतं.

मग नॉच फिल्टर. हा एकाच वारंवारतेला खाच पाडतो, आजूबाजूचं तसंच सोडतो. 49.45 वर एक, 98.9 वर एक, 148.35 वर एक. खाच अरुंद ठेवा. चौथी 197.8 वर येईल, ती पाडू नका. बायकांचा गातानाचा मूळ सूर बरेचदा तिथेच आसपास असतो, आजींनी तो सूर लांबवला तर त्याच्यातलाच तुकडा जाईल. तिथली गुणगुण राहू द्या.

धुळे_थर्ड_इयर

आणि 80 च्या खालचं सगळं कापलं तर जात्याची घरघरही जाईल ताई. आवाज अजून मोकळा होईल.

अमळनेरची_लेक

आईला विचारलं. म्हणाली, जातं ठेव.

अमळनेरची_लेक

काल रात्री केलं. स्पीड, मग तीन खाचा, बाकी काही नाही. आई देवघरात वाती वळत होती, तिला काही न सांगता लावलं. दुसऱ्या ओवीला तिचे हात थांबले. मग म्हणाली, "बाजरी दळी ऱ्हायनी." मी विचारलं कशावरून, तर म्हणे ज्वारीला जातं असं वाजत नाही. पूर्ण बाजू ऐकून झाली तरी आवाजाबद्दल एक शब्द बोलली नाही. उठताना विचारलं, दुसरी बाजू कधी लावशील.

दुसऱ्या बाजूला घड्याळ ऐकू येत नाही, अंगणातलं रेकॉर्डिंग दिसतंय. गुणगुण 51.2 आहे. काय धरू?

मेहरूणचा_मास्तर

दोन्ही बाजू तेव्हा एकाच टेपवर रेकॉर्ड झाल्या असतील आणि आत्ताही दोन्ही काकांच्याच टेपवर वाजवताय, तर गुणोत्तर तेच, 0.962 धरा. गुणगुण 49.25 वर येईल, खाचा त्याप्रमाणे सरकवा. शेवटाकडे फीत ओढली जाऊन वेग थोडा बदलतो, म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तीनदा बघून घ्या.

अमळनेरची_लेक

सुरुवातीला 51.2, मध्ये 51.2, शेवटी 51.1. लावतेय. आई येऊन बसलीय, बाकीचं उद्या लिहिते.